याप्य : श्वासरोग, औषध आणि रुग्णाची साक्ष

‘बरें जायनाच जाल्यार वखद कित्याक?’ बरे व्हायचेच नसेल तर औषध कशाला, असा प्रश्न आमच्या आईने एके दिवशी आम्हांला विचारला. प्रश्न साधा होता. परंतु ज्यांचा सारा व्यवसाय प्रश्न विचारण्याचा, त्या आम्हांस त्याचे उत्तर देता आले नाही. उलट, तिच्या म्हणण्यास आम्ही मान डोलावली. त्या मान डोलावण्याची किंमत काय पडली हे पुढे येईलच. आधी त्या प्रश्नाचाच इतिहास पाहू. कारण तो तिचा एकटीचा नव्हता. वैद्यकशास्त्र तो शतकानुशतके स्वतःस विचारीत आले आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर ते अगदी अलीकडे, आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत, देऊ लागले आहे.

आमच्या आईने जन्मात तंबाखूला स्पर्श केला नाही. परंतु लग्न होऊन ती ज्या घरात आली तेथले स्वयंपाकघर अंधारे, वासे काळवंडलेले, आणि चूल पहाटे पेटली की रात्रीच निवायची. काजूची लाकडे, माडाच्या झावळ्या, करवंट्या, जे मिळेल ते सरपण. पावसाळ्यात तेही ओले. फुंकणी तोंडाला लावून तिने किती धूर गिळला याचा हिशेब कोणी ठेवला नाही. उत्सवाच्या दिवसांत देवळाच्या अग्रशाळेत महाप्रसादाच्या मोठ्या चुलींपाशीही ती असे, आणि ती सेवा तिने कधी चुकविली नाही. साठी जवळ आली तसा तिला खोकला लागला. सकाळी कफ पडे, चालताना धाप लागे. घरातल्यांनी त्याला वय म्हटले. ज्यांच्याकडे तिला नेले त्यांपैकी एकदोघांनी खोकल्याची बाटली हाती देऊन वयच म्हटले. सोमवारच्या पालखीमागून ती प्रदक्षिणा घालीत असे. ती आता दीपस्तंभापाशीच थांबू लागली, आणि पुढे तर घरच्या सोप्यावर बसून वाद्ये ऐकू आली की तेथूनच हात जोडू लागली.

अखेरीस एका डॉक्टरांनी तिला एका नळीत जोराने फुंकावयास लावले, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि रोगाचे नाव सांगितले : क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज, संक्षेपाने सीओपीडी. दम्यात श्वासनलिका आवळतात आणि बहुधा पुन्हा मोकळ्या होतात. ह्या रोगात मात्र वर्षानुवर्षांच्या धुराने अरुंद झालेल्या नलिका व विरलेले वायुकोश पूर्वस्थितीस येत नाहीत. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ ओढावयाचा पंप दिला आणि तो कायमचा घ्यावा लागेल असे बजावले. त्यावर आईने तो प्रश्न विचारला; आणि आम्ही म्हणालो, ‘फारच धाप लागली तर घे. रोज घेतलास तर सवय लागेल.’ पंप देवघराशेजारच्या फडताळात गेला.

आमच्या प्राचीन वैद्यांस हा प्रश्न अपरिचित नव्हता. चरकसंहितेत रोगांचे चार वर्ग सांगितले आहेत : सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य, तिसरा याप्य, आणि ज्याचा वैद्याने नाद सोडावा तो प्रत्याख्येय. ह्यांपैकी याप्य हा वस्तुतः असाध्यच. परंतु आयुष्य शेष असल्यामुळे पथ्य सांभाळले तर रोग्याला थोडे सुख लाभते, आणि थोड्याशा निमित्ताने रोग पुन्हा उसळतो, असे त्याचे लक्षण दिले आहे. ह्या ‘थोड्या सुखा’कडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. रोग जात नाही हे पुरते ठाऊक असूनही त्या थोड्या सुखासाठी ग्रंथकाराने एक स्वतंत्र वर्ग केला. त्यास असाध्यांच्या राशीत फेकून दिले नाही.

सुश्रुताने ह्याच याप्य रोगाला एक उपमा दिली आहे. पडावयास आलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तशी योग्य चिकित्सा अशा रोग्यास सावरून धरते. मातीच्या भिंतींची जुनी घरे ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहेत, त्यांस ही उपमा समजावून सांगावयास नको. टेकू लावल्याने घर नवे होत नाही. परंतु त्या घरात माणसे राहतात, तिन्हीसांजेला दिवा लागतो, गणपती येतो. आणि भिंत उभी दिसते म्हणून कोणी टेकू काढून घेत नाही.

श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पाच प्रकार चरकाने मानले. त्यांतील तमकश्वास याप्य, आणि नुकताच जडलेला असेल तर साध्य, असा निर्णय दिला. तमकाचे वर्णन आजच्या दम्याशी अधिक जुळते. तरी जुनाट श्वासरोगाच्या कोणाही रोग्यास त्यात आपले दुःख ओळखता येईल. निजले की घुसमट होते, उठून बसले की बरे वाटते. ऊन ऊन हवेसे होते. ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी त्रास वाढतो. कफ सुटला की घटकाभर सुख होते. बोलणेदेखील कष्टाचे होते. ह्यांतील पुष्कळशा गोष्टी नाडीवरून कळावयाच्या नव्हेत. त्या रोग्याला विचाराव्या लागतात, आणि त्याने सांगितले ते खरे मानावे लागते. त्या वैद्याने कोणास तरी विचारले असले पाहिजे आणि शांतपणे ऐकून घेतले असले पाहिजे.

श्वासावर औषधी धूर ओढण्याचा उपायही त्याच प्रकरणात आहे. हळद, एरंडमूळ, देवदार आदी द्रव्यांची वात करून तिचा धूर घ्यावा असे तेथे सांगितले आहे. धुराने जडलेल्या रोगावर धुराचाच उपाय ही विचित्र गोष्ट खरी. परंतु ह्याच धुराच्या वाटेने भारताचे एक झाड युरोपच्या औषधशाळेत पोहोचले. आपण शंकराला वाहतो तो धोतरा दक्षिणेत दम्यावर ओढला जात असे. मुळ्या व देठ वाळवून, कुटून, चिलमीतून त्याचा धूर घेत. मद्रासचे फिजिशियन-जनरल जेम्स अँडरसन यांच्याकडून ही माहिती जनरल जेंट नामक लष्करी अधिकाऱ्यास मिळाली, आणि १८०२ साली ती त्याच्याबरोबर ब्रिटनमध्ये गेली. थोड्याच वर्षांत तेथील डॉक्टर धोतऱ्याच्या जातीच्या पानांचा धूर दमेकऱ्यांस देऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर दम्याच्या खास सिगारेटी व जाळावयाच्या पुडी युरोपभर विकल्या जात. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त, जे १९२२ साली निवर्तले, ते आयुष्यभर अशा धुरांचा आश्रय घेत असत.

धोतऱ्यातील ॲट्रोपिनादी द्रव्ये श्वासनलिका आवळणाऱ्या मज्जातंतूंचा हुकूम अडवितात, म्हणून नळी मोकळी होते. परंतु हेच द्रव्य अधिक गेले की तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो, प्राणही जातो. वाटसरूंना धोतऱ्याचे बी खावयास घालून लुटणाऱ्यांचे खटले एकोणिसाव्या शतकातील फौजदारी दप्तरांत आढळतात. तेव्हा कोणी आमचा लेख वाचून परसातला धोतरा चिलमीत भरू नये. विष बाजूला ठेवून गुण तेवढा घेण्याचे काम विसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनी केले : १९७० नंतरच्या दशकात इप्राट्रोपियम आले, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी दिवसातून एकदाच घ्यावयाचे टायोट्रोपियम. शंकराच्या पिंडीवरील फुलाशी ह्या पंपाचे दूरचे का होईना, नाते आहे.

औषधांचा हा प्रवास चालू असता रोग मोजण्याचा मार्ग मात्र निराळ्याच दिशेने गेला. १८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी श्वास मोजण्याचे यंत्र, स्पायरोमीटर, लोकांपुढे ठेवले. २१३० माणसांचे श्वास त्यांनी मोजले होते. त्यांत खलाशी, शिपाई, मुष्टियोद्धे, सर्व प्रकारचे लोक होते. आयुर्विम्याच्या कामी माणसाची प्रकृती पारखण्यास हे यंत्र उपयोगी पडेल अशी त्यांची आशा होती. १९४७ साली फ्रान्समध्ये तिफनो व पिनेली यांनी एका सेकंदात जोराने किती श्वास बाहेर पडतो हे मोजण्याची कल्पना मांडली, आणि पुढे तोच आकडा श्वासरोगाच्या निवाड्यात मुख्य पुरावा होऊन बसला. यंत्र निःपक्षपाती असते, त्यास कंटाळा नाही व खोटे बोलण्याचा मोह नाही; म्हणून त्याचा अधिकार वाढला, हे योग्यच झाले. परंतु त्याच वेळी रोग्याचे सांगणे ‘तक्रार’ ह्या सदरात गेले. औषध चालले की नाही हे आकडा ठरवू लागला. आकडा हलला नाही तर औषध निरुपयोगी. मग रोगी काहीही सांगो.

येथे आमच्या व्यवसायातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८७२ साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला भारतीय पुरावा कायदा अमलात आला. त्याच्या चौदाव्या कलमात मनाची अथवा शरीराची स्थिती, किंबहुना शरीरास होणारी संवेदना, दाखविणाऱ्या गोष्टी संबद्ध मानल्या होत्या. त्या कलमाखालच्या उदाहरणांत एक असे होते की, एखादा मनुष्य विषाने मेला काय असा प्रश्न असता, आजारपणात त्याने आपल्या लक्षणांविषयी जे सांगितले ते पुराव्यात घ्यावे. दुसरे उदाहरण आयुर्विम्याचे होते : विमा उतरविला त्या वेळी त्या इसमाची प्रकृती कशी होती असा वाद असल्यास, त्या सुमारास त्याने स्वतः आपल्या प्रकृतीविषयी काढलेले उद्गार संबद्ध होत. हा कायदा १ जुलै २०२४ रोजी जाऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. तत्त्व मात्र कायम राहिले. हचिन्सन विम्यासाठी यंत्र आणू पाहत होते, आणि अवघ्या सव्वीस वर्षांनी कायदा त्याच विम्याच्या वादात रोग्याच्या तोंडचे शब्द आणीत होता. ‘मला कसे वाटते’ ह्याची साक्ष ज्याला वाटते तोच देऊ शकतो, हे न्यायालयाने इतक्या लवकर ओळखले. रुग्णालयाला त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

तथापि वैद्यकशास्त्राच्या बाजूनेही बोलले पाहिजे. रोग्याची साक्ष एकट्याने पुरत नाही, हे त्यास महाग किंमत देऊन शिकावे लागले. १९५६ साली अमेरिकेतील रायकर कंपनीने दाबताच मोजके औषध फवारणारा पहिला पंप बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने, केसांवर फवारा मारतात तसे आपले औषध डबीत का भरता येऊ नये, असे विचारले होते. तेथून ही कल्पना निघाली असे सांगतात. आयसोप्रिनॅलिनचा पंप ओढताच क्षणात छाती मोकळी होई. रोग्यास विचाराल तर त्याने शंभरदा उत्तमच म्हटले असते. परंतु १९६० नंतरच्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे दम्याने तरुण माणसांचे मृत्यू वाढले, आणि ह्या औषधाच्या तीव्र मात्रेच्या पंपांवर संशय जाऊन सरकारी इशारे निघाले. तत्काळ मिळणाऱ्या आरामाने आतला वाढता रोग झाकला जातो, हा त्यातला एक धडा. १९६९ साली अधिक निर्धोक साल्ब्युटामॉल आले. १९७२ साली नलिकांची सूज कमी करणारे बेक्लोमेथासोन पंपातून मिळू लागले. सारांश, साक्षीदाराचा जबाब घ्यावाच. परंतु त्याची उलटतपासणीही व्हावी. औषध व औषधासारखाच दिसणारा पोकळ पंप अशी तुलना करून, कोणास काय मिळाले हे रोगी व डॉक्टर दोघांपासूनही लपवून जी चाचणी घेतात, ती ही उलटतपासणीच होय.

मग जबाब नोंदवावा कसा? ह्याचा आरंभ वेल्समधील कोळशाच्या खाणींत झाला. खाणकामगारांच्या फुप्फुसरोगास १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये नुकसानभरपाईचा हक्क मिळाला, आणि कामगार किती पंगू झाला हे ठरविण्याचा प्रश्न उभा राहिला. कार्डिफजवळच्या संशोधनकेंद्रात चार्ल्स फ्लेचर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात धापेच्या पाच पायऱ्या ठरविल्या. त्यांची भाषा पाहण्यासारखी आहे : चढण चढताना धाप लागते काय, सपाटीवर बरोबरीच्या माणसांच्या चालीने चालता येते काय, शंभर यार्ड गेल्यावर थांबावे लागते काय, घराबाहेर पडणे बंद झाले काय, कपडे घालतानाही दम लागतो काय. हे प्रश्न यंत्र विचारू शकत नाही. त्यांत रस्ता आहे, सोबती आहेत, उंबरठा आहे.

१९८७ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे गॉर्डन गायट यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. धाप, थकवा, मनाची अवस्था आणि रोगावर आपला ताबा आहे असे वाटणे, अशी तिची चार अंगे. तिची विशेष गोष्ट ही की, धाप लागणारी पाच महत्त्वाची कामे कोणती हे रोग्याने स्वतः सांगावयाचे. कोणी बागकाम सांगेल, कोणी नातवाला उचलणे. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील पॉल जोन्स यांनी १९९२ मध्ये दुसरी प्रश्नावली मांडली. तिच्यात शून्य म्हणजे काहीच त्रास नाही आणि शंभर म्हणजे त्रासाची पराकाष्ठा; चार गुणांनी आकडा खाली आला तर रोग्याच्या जीवनात जाणवण्याजोगा फरक पडला असे मानतात. ह्या प्रश्नावल्या हाती आल्यावर असे दिसून आले की, यंत्राचा आकडा आणि रोग्याचे जगणे यांचा मेळ फारसा घट्ट नसतो. सारख्याच आकड्याचे दोन रोगी. एक बाजारहाट करतो, दुसरा खाटेवरून उठत नाही.

पुढे दोन मोठे निवाडे झाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टॉर्च’ ह्या चाचणीत ६११२ रोगी तीन वर्षे पाहिले गेले. सॅल्मेटेरॉल व फ्लुटिकासोन ही दोन औषधे एकत्र घेणाऱ्यांत शंभरी १२.६ दगावले, पोकळ पंप घेणाऱ्यांत १५.२. हा फरक केवळ योगायोगाचा नव्हे असे म्हणण्यास जी गणिती सीमा मानतात, ती अगदी थोडक्यात हुकली. म्हणजे आयुष्य वाढते असे सिद्ध झाले नाही. परंतु एकाएकी रोग उसळण्याचे प्रसंग वर्षाकाठी एक-चतुर्थांशाने कमी झाले, आणि जोन्स यांच्या प्रश्नावलीत सरासरी ३.१ गुणांचा लाभ दिसला. २००८ च्या ‘अपलिफ्ट’ चाचणीत ५९९३ रोगी चार वर्षे टायोट्रोपियम अथवा पोकळ पंप घेत होते. फुप्फुसाच्या ऱ्हासाचा वेग औषधाने कमी झाला नाही. तरी रोग्यांचे जगणे चारही वर्षे अधिक सुसह्य राहिले.

प्रामाणिक वकिलाने विरुद्ध बाजूचा पुरावाही पुढे ठेवावा. ३.१ हा आकडा त्या चार गुणांच्या सीमेपेक्षा कमीच आहे. सरासरीत काहींना पुष्कळ व काहींना काहीच नाही असे असते. शिवाय ‘टॉर्च’मध्ये फ्लुटिकासोन घेणाऱ्यांत न्यूमोनिया अधिक आढळला, म्हणून ते कोणास द्यावे याचा विचार आज डॉक्टर अधिक जपून करतात. लाभ थोडा आहे. परंतु तो खरा आहे, उलटतपासणीत टिकलेला आहे, आणि तो मिळाला रोग्याच्या तोंडून. जुन्या ग्रंथातील ‘थोडे सुख’ ह्या शब्दांना एवढ्या काळानंतर हा आधार मिळावा, याचे आम्हांस नवल वाटते.

आयुष्य वाढविणारा एक उपाय मात्र निःसंशय ठरला आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत रक्तातील प्राणवायू फार उतरलेल्या ८७ रोग्यांपैकी ४२ जणांना घरी रोज किमान पंधरा तास प्राणवायू दिला. पाच वर्षांत त्यांपैकी १९ दगावले, तर न दिलेल्या ४५ पैकी ३०. परंतु पंधरा तास नळीशी बांधलेले आयुष्य म्हणजे काय, हेही रोग्यालाच विचारावयाचे असते. आणि रोगाची घसरण मंदावणारा पहिला उपाय औषधाच्या बाटलीत नाहीच : फ्लेचर व पेटो यांनी लंडनच्या ७९२ कामकरी पुरुषांना आठ वर्षे पाहून १९७७ मध्ये दाखविले की, धूम्रपान सोडल्याने गेलेली शक्ती परत येत नाही, पण घसरण मंदावते.

पुरुष, विडी, सिगारेट. हे चित्र इतके पक्के बसले की चुलीपुढे बसलेली स्त्री कोणास दिसली नाही. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहून लाकूड, शेण, पालापाचोळा यांच्या धुराकडे बोट दाखविले. भारतात ह्या रोगाचे रोगी १९९० साली २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ साली ५ कोटी ५३ लाख झाले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून गॅस कोट्यवधी घरांत गेला. परंतु सिलिंडर संपला की पुन्हा चूल पेटणारी घरे आहेत, आणि आमच्या देवस्थानांच्या अग्रशाळाही आहेत. धुराडे, मोकळी खिडकी, गॅसची शेगडी यांसाठी केलेला खर्च हीदेखील देवाचीच सेवा आहे, एवढे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

राहता राहिली ‘सवय’. पंप फार जहाल, गोळी सौम्य, असा समज आमच्याप्रमाणे अनेकांचा आहे. साल्ब्युटामॉलची एक गोळी बहुधा दोन किंवा चार मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा, म्हणजे शंभर मायक्रोग्रॅम असतो. चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस फवारे बसतात. गोळी सर्वांगात हिंडून छातीपर्यंत जाते. फवारा थेट जेथे हवा तेथे जातो. रोज घ्यावे लागते म्हणून त्यास व्यसन म्हणणे म्हणजे टेकूला घराचे व्यसन लागले म्हणण्यासारखे आहे. हे सारे आम्ही पुढे वाचले. वेळीच डॉक्टरांस विचारले असते तर एका वाक्यात कळले असते.

पंप फडताळात पडून चार पावसाळे गेले. पाचव्या पावसाळ्यात आईचा श्वास एका रात्री इतका कोंडला की तिला इस्पितळात न्यावे लागले. तेथून ती परत आली, पण पूर्वीची राहिली नाही. त्यानंतर ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्यांनी यंत्रावरचा आकडा पाहिला, बाजूला ठेवला आणि तिला विचारले, ‘आई, तुम्हांला काय करावेसे वाटते?’ तिने आमच्याकडे पाहिले. असा प्रश्न तिला ह्यापूर्वी कोणी विचारला नव्हता. मग म्हणाली, पालखी. डॉक्टरांनी तिला पंप पोकळ नळकांड्यातून कसा ओढावा, दम किती धरावा, नंतर चूळ कशी भरावी हे स्वतः करून दाखविले, आणि तिच्याकडून तीनदा करवून घेतले. रोज थोडे चालण्यासही सांगितले.

दोनएक महिन्यांनी पुन्हा यंत्रात फुंकले तेव्हा आकडा जवळजवळ तोच होता. परंतु त्याआधीच्या सोमवारी ती दोनदा विसावून देवळाच्या पायऱ्या चढली होती, आणि सभामंडपाच्या खांबाला टेकून पालखी निघताना पाहिली होती. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘आयज बरें दिसता.’

त्यानंतर ती पाच वर्षे जगली. प्रत्येक सोमवार तिला मिळाला नाही. थंडीत व पावसात ती सोप्यावरच बसे, आणि शेवटच्या वर्षी तर बहुतेक तेथेच. औषधाने तिचे आयुष्य वाढले काय, हे आम्हांस सांगता येणार नाही. पण जे सोमवार मिळाले ते कशामुळे मिळाले हे आम्हांस ठाऊक आहे, आणि त्याआधीच्या चार वर्षांचे सोमवार कोणाच्या एका वाक्याने गेले हेही ठाऊक आहे. आमच्या घरात एक साक्षीदार रोज जबाब देत होती, आणि वकील असूनही आम्ही तो नोंदविला नाही.

वाचकांच्या घरातही कोणी जिन्यावर मध्येच थांबत असेल, बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडीत असेल, पालखीला न येण्यासाठी गुडघ्याचे निमित्त सांगत असेल. त्यास वय म्हणण्यापूर्वी एकदा विचारावे, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे. त्या उत्तरास वेळ लागतो. मध्ये श्वास घ्यावा लागतो.